वादळामागें धांवणारे

गेल्या वैशाखांतील गोष्ट. उजाडावयास अद्याप अवकाश होता. स्नान आटोपून आम्ही संध्येस बसणार, तोंच पुतण्यानें हाक मारिली. आमच्या वडील बंधूंचा नातू अमेरिकेंत ओक्लाहोमा संस्थानांतील नॉर्मन या गांवीं वातावरणशास्त्राचा अभ्यास करीत असतो. त्यानें कांहीं चलच्चित्र पाठविलें होतें. तिकडे त्या वेळीं संध्याकाळ असते. सारें घर त्या एवढ्याशा कांचेभोंवतीं गोळा झालें. पाहतों तों सपाट शेत, वर हिरवट-काळें आभाळ, आणि त्या आभाळांतून हत्तीच्या सोंडेसारखा एक स्तंभ खालीं उतरलेला. सोंडेचें टोंक जेथें भुईला लागलें होतें तेथें मातीचा लोट उसळत होता. चित्रांत वाऱ्याची घरघर ऐकूं येई, आणि तींतून आमच्या पोराचा आनंदानें फुटलेला आवाज: "आजोबा, बघा! तुमचा तृणावर्त!"

लहानपणीं भागवतांतील तृणावर्ताची कथा त्यास आम्हींच सांगितली होती. गोकुळांत धुळीचा भोंवरा होऊन आलेला आणि बाळकृष्णास उचलून आकाशांत घेऊन गेलेला तो दैत्य! पोरानें कथा ध्यानांत ठेविली होती, याचा आम्हांस क्षणभर अभिमानच वाटला. परंतु वहिनींचा चेहरा पाहिला आणि तो अभिमान गिळून टाकावा लागला. त्या कांहीं न बोलतां आंत गेल्या. दुपारीं जेवणें झाल्यावर मात्र त्यांनीं आम्हांस गांठलें. "भाऊजी, तो बापाचें ऐकत नाहीं, तुमचें ऐकतो. हें असलें मरणाच्या मागें धांवणें बंद कर, असें त्यास लिहा. आजच लिहा."

दादा पानदान पुढें ओढून म्हणाले, "लिहील तो! स्वतः मधल्या सुटींत वावटळींत शिरून आला होता, तेव्हां वडिलांनीं छड्या मारिल्या होत्या त्याला." गोष्ट खरी होती. वावटळींत भूत असतें असें सगळीं पोरें म्हणत. तें कसें दिसतें हें पाहण्यास आम्ही आंत शिरलों आणि डोळ्यांत माती भरून घेऊन परतलों. असो. पत्र लिहावयाचें खरें, पण ज्या गोष्टीचा निषेध करावयाचा ती आधीं समजून घ्यावी, या जुन्या संवयीनें आम्ही चार दिवस मागून घेतले.

आपली वावटळ आणि त्यांचा टोर्नेडो यांत नात्यापेक्षां भेदच फार. वावटळ तापलेल्या भुईवरून वर उठते, हा मेघांतून खालीं उतरतो. मेक्सिकोच्या आखाताकडून उष्ण व दमट वारा येतो, पश्चिमेच्या डोंगराळ प्रदेशाकडून कोरडा येतो, आणि उंचावर तिसराच एक वारा वेगानें वाहत असतो. खालचा वारा मंद, वरचा जोराचा. तेव्हां पोळपाटावर लाटणें फिरावें तशी मधली हवा आडवी फिरूं लागते. वर चढणाऱ्या उष्ण हवेनें हें लाटणें उचलून उभें केलें म्हणजे सगळा मेघच गरगर फिरूं लागतो. अशा फिरत्या मेघांपैकीं थोड्यांपासूनच टोर्नेडो निपजतो. कोणत्या मेघापासून निपजेल आणि कोणत्यापासून नाहीं, हें आजही निश्चित सांगतां येत नाहीं, आणि या पाठलागाचें मूळ तेथेंच आहे. यंत्राच्या लहरी सरळ जातात व पृथ्वी वांकलेली, म्हणून दूरच्या मेघाचा पायथा रडारला दिसत नाहीं. तो पाहण्यास मनुष्याचा डोळाच लागतो.

टोर्नेडोचीं सर्वांत जुनीं ज्ञात छायाचित्रें १८८४ सालचीं आहेत. १९२५ सालच्या मार्च महिन्यांत तीन संस्थानांवरून गेलेल्या एका टोर्नेडोनें ६९५ माणसें मारिलीं. लोक घाबरतील म्हणून तेथील सरकारी हवामानखातें कित्येक वर्षें आपल्या भाकितांत 'टोर्नेडो' हा शब्दच येऊं देत नसे. शब्द गाळल्यानें संकट टळतें ही समजूत आपल्याच घरांतली आहे असें आम्हांस वाटे; ती सातासमुद्रांपलीकडेही सांपडली. पहिलें यशस्वी भाकित १९४८ सालीं मार्च महिन्यांत ओक्लाहोमांतील एका विमानतळावर दोघां लष्करी अधिकाऱ्यांनीं केलें. पुढें १९५६ च्या सुमारास डेव्हिड होडली नांवाच्या तरुणानें मोटार घेऊन निवळ हौसेनें वादळामागें जाण्यास आरंभ केला, आणि १९७७ सालीं अशा हौशी मंडळींसाठीं 'स्टॉर्म ट्रॅक' हें छोटेखानी नियतकालिक काढलें. कोणीं काय पाहिलें, कोठें चुकलें, हें एकमेकांस कळविणें हाच त्याचा उद्देश. कारण बहुतेक दिवशीं या लोकांच्या पदरीं निराशाच येते. शेंकडों मैल मोटार हांकावी, आणि संध्याकाळीं निरभ्र आभाळाखालीं वडापावासारखें कांहींतरी खाऊन परतावें!

पण या सगळ्या वाचनांत आमचें मन जडलें तें एका जपानी गृहस्थावर. तेत्सुया फुजिता हे १९२० सालीं क्यूशू बेटावर जन्मले. १९४५ सालीं नागासाकी व हिरोशिमा येथें बाँबनें झालेला विध्वंस त्यांनीं पाहिला, आणि पडलेल्या वस्तूंच्या दिशांवरून स्फोट कोठें व किती उंचीवर झाला याचें गणित मांडलें. पुढें ते शिकागोच्या विद्यापीठांत गेले. १९५७ सालीं फार्गो शहरावर टोर्नेडो आला तेव्हां शेंकडों नागरिकांनीं तो पाहिला व पुष्कळांनीं त्याचीं चित्रें घेतलीं. फुजितांनीं तीं शंभरांहून अधिक चित्रें जमविलीं, प्रत्येक चित्र कोणत्या जागेवरून व कोणत्या क्षणीं घेतलें याचा छडा लाविला, आणि त्या वादळाचें आयुष्य मिनिटामिनिटानें जुळविलें. कोणी अंगणांतून, कोणी माडीवरून काढलेलें तें एकेक चित्र एकटें निरर्थक होतें. एका धाग्यांत ओंवतांच त्याचें शास्त्र झालें. एकाच पोथीच्या निरनिराळ्या प्रती पुढें ठेवून पाठ ठरविणारे आमचे गुरुजी आम्हांस या ठिकाणीं आठवले. १९७१ सालीं फुजितांनीं टोर्नेडोचें बळ मोजण्याची श्रेणी सिद्ध केली. ती वाऱ्यावरून नव्हे, झालेल्या हानीवरून मोजावयाची. छप्पर उडालें कीं भिंती पडल्या, कीं घराचा पायाच तेवढा उरला, हें पाहून अंक द्यावयाचा. आणि मौज अशी कीं, 'टोर्नेडो महाशय' म्हणून गाजलेल्या या पंडितास प्रत्यक्ष टोर्नेडोचें दर्शन घडलें तें १९८२ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षांत!

१९७३ सालीं युनियन सिटी येथें नॉर्मनच्या संशोधन-मंडळींनीं एका टोर्नेडोचा जन्मापासून अंतापर्यंत पाठपुरावा करून तो चित्रित केला, आणि तोच मेघ नव्या डॉप्लर रडारनेंही टिपला. डोळ्यांनीं पाहिलेलें व यंत्रानें पाहिलेलें पडताळतां आलें, म्हणूनच पुढें सावधगिरीचे इशारे देणें शक्य झालें. इशारा मिळतो तो कांहीं मिनिटांचाच. पण तळघरांत उतरण्यास कांहीं मिनिटें पुरतात.

येथवर वाचून आम्ही जवळजवळ पोराच्या पक्षाचे झालों होतों. मग टिम सामारस यांची हकीकत वाचनांत आली.

कोलोरॅडो संस्थानांतील हा गृहस्थ स्वतःच्या बुद्धीनें यंत्रज्ञ झालेला. विद्यापीठाची पदवी त्याजपाशीं नव्हती. (मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तरास अशा माणसाचा कैवार वाटणारच.) त्यानें कांसवाच्या आकाराचें एक चपटें, जड यंत्र तयार केलें, तें वादळाच्या वाटेवर ठेवावयाचें आणि आपण निसटावयाचें. २४ जून १९०० नव्हे, २००३ रोजीं — आमचें शतक अजून मागचेंच चालतें — साउथ डाकोटांतील मँचेस्टर या खेड्यापाशीं टोर्नेडो त्या कांसवावरून गेला, आणि हवेचा दाब एकाएकीं १०० मिलिबारांनीं उतरल्याची नोंद मिळाली. तशी नोंद पूर्वीं कोणासच साधली नव्हती. सामारस हे धाडसी खरे, पण उतावळे नव्हते. सावधपणाबद्दलच त्यांचा लौकिक होता.

३१ मे २०१३ रोजीं ओक्लाहोमांतील एल रेनो गांवाजवळ टोर्नेडो उतरला. त्याची रुंदी वाढतां वाढतां ४.२ किलोमीटर झाली. याहून रुंद टोर्नेडो आजवर नोंदलेला नाहीं. तो प्रथम आग्नेयेकडे जात होता, आणि मग एकाएकीं ईशान्येकडे वळून त्यानें वेग घेतला. पावसाच्या पडद्यामुळें त्याची कड दिसत नव्हती. सामारस, त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघेही मोटारींत होते. तिघेही गेले. वादळाचा पाठलाग करतांना वादळानेंच बळी घेतलेले हे पहिले ज्ञात पाठलागी होत.

बाप आणि लेक एका मोटारींत! हें वाचून आम्ही चष्मा काढून ठेविला. वहिनींस तें सांगावें कीं सांगूं नये, याचा निर्णय दोन दिवस होईना.

त्या दिवशीं एल रेनोच्या रस्त्यांवर पाठलाग करणारांची गर्दी उसळली होती, हेंही नमूद केलें पाहिजे. १९९६ सालीं 'ट्विस्टर' हा चित्रपट निघाल्यापासून ही हौस वाढली. कित्येकांस शास्त्राशीं कर्तव्य नसतें. जगानें आपणांस वादळाच्या तोंडाशीं उभे असलेले पाहावें, एवढीच आकांक्षा. दुसऱ्याचें घर मोडतांना आनंदानें ओरडणाऱ्या तमाशगिरांविषयीं आम्हांस तिटकारा वाटतो, आणि तो आम्ही लपवीत नाहीं. परंतु येथेंही एक गोष्ट अशी घडली कीं आमचा निवाडा अर्ध्यावर अडला. अँटन सायमन या संशोधकानें व त्याच्या साथीदारांनीं त्या दिवशींच्या पाठलाग्यांकडून त्यांचीं चलच्चित्रें मागवून घेतलीं, विजेच्या लखलखाटांवरून त्यांच्या वेळा जुळविल्या, आणि त्या वादळाची हालचाल उलगडली. म्हणजे फार्गोचीच रीत. शास्त्रासाठीं गेलेला आणि मिरविण्यासाठीं गेलेला, दोघांच्याही चित्रांचा उपयोग झाला.

आणि दुसरी बाजू आपल्या शेजारींच आहे. वैशाखांत वंगभूमीवर कालबैशाखीचीं वादळें येतात, व त्यांतून क्वचित् टोर्नेडोही निपजतो. २६ एप्रिल १९८९ रोजीं बांगलादेशांतील दौलतपूर-साटुरिया भागावर असाच एक आला. सुमारें तेराशें माणसें मेलीं असें मानतात. जगांतील कोणत्याही टोर्नेडोनें इतके बळी घेतलेले नाहींत. तेराशें हाही अंदाजच.

शेवटीं आम्हीं पत्र लिहिलें. 'बंद कर' हे शब्द दोनदां लिहिले, दोनदां खोडले. आम्ही एवढेंच विचारलें कीं, मोटार कोण हांकतो? परतीचा रस्ता आधीं कोण पाहून ठेवितो? पावसाचा पडदा आड आला तर तुम्ही थांबतां कीं फिरतां? आणि सामारस पितापुत्रांविषयीं तुम्हां मुलांस शिकविलें आहे काय? हें पत्र धाडण्यापूर्वीं वहिनींस वाचून दाखविलें. एल रेनोची हकीकत ऐकतांना त्या निवडीत असलेल्या तांदुळांतून हात काढीनात. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "बंद कर, हें लिहिलेंच नाहीं तुम्हीं." आम्ही निरुत्तर झालों.

आठ दिवसांनीं उत्तर आलें. मोटार त्यांच्यांतील वयानें मोठा विद्यार्थी हांकतो. परतीचे दोन रस्ते ठरल्याविना ते थांबत नाहींत. पडदा आला कीं फिरतात. आपण उभे राहतों तें बहुधा वादळाच्या दक्षिणेस, कारण तें प्रायः ईशान्येस जातें. स्तंभ डावीकडेही सरकेना आणि उजवीकडेही सरकेना, तर तो आपल्याकडेच येतो आहे असें समजून निघावयाचें, हा पहिला धडा. एल रेनोविषयीं त्यानें एकच ओळ लिहिली होती: त्या रस्त्यावर गुरुजींनीं आम्हांस पहिल्याच वर्षीं नेलें होतें. आणि खालीं, आजीसाठीं निराळें: त्या दिवशींचा स्तंभ दिसतांच आम्हीं हवामानखात्यास कळविलें होतें, चलच्चित्र नंतर घेतलें.

वहिनींनीं तें पत्र देवघरांत कुंकवाच्या करंड्याखालीं ठेविलें आहे. परवां पहांटे पुन्हां त्याचा दूरध्वनि आला. पुतण्यानें आनंदानें सांगितलें, "अग आई, आज पुन्हां दिसलें म्हणे त्यांना!" स्वयंपाकघरांतून दुधाचें पातेलें उतरवीत वहिनींनीं विचारलें, "दक्षिणेलाच उभा होता ना?"