सालोतरी

आमच्या मोहल्ल्यात मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला की पेढे वाटतात. पशुवैद्यकला मिळाला तरी वाटतात, पण जरा हळू आवाजात. "डॉक्टरच होणार ना?" असं कुणीतरी विचारतं. "हो, जनावरांची," असं उत्तर येतं आणि विचारणारा पेढा खात गप्प बसतो.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी असंच झालं. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, नंतर सायन्स, मग नीट देऊन शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश. साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षभराची इंटर्नशिप, असा हा साडेपाच वर्षांचा रस्ता. दुसरं वर्ष संपताना तिनं घरी सांगितलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीत मला घोड्यांजवळ काम करायचंय."

घरात पहिल्यांदा कुणी बोललंच नाही. तिचे दादा मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. अब्बांनी घोडा विकून रिक्षा घेतली, त्या दिवशी घरात नियाज झाली होती. लिदीच्या वासातून बाहेर पडायला या घराला दोन पिढ्या लागल्या आणि आता शिकलेली पोरगी परत तिथंच जायचं म्हणत होती. तिची अम्मी माझ्याकडे आली. "आपा, तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकते."

समजवण्याआधी मी तिचं म्हणणं ऐकलं आणि मला ते पटलं. 2019 च्या पशुगणनेत देशात गाई-बैल एकोणीस कोटींच्या वर आणि म्हशी जवळजवळ अकरा कोटी आहेत. घोडे आणि तट्टू मिळून साडेतीन लाखांच्या आत. 2012 मध्ये ते सव्वासहा लाखांच्या आसपास होते. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाताखालून गाई-म्हशी भरपूर जातात, पण घोडा क्वचितच येतो. परीक्षेत त्याचे प्रश्न मात्र येतात. ती म्हणाली, "आपा, आजारी घोडा ओळखायचा तर आधी निरोगी घोडा रोज बघायला हवा. तो मी कुठं बघू?"

प्रश्न रास्त होता, उत्तर सोपं नव्हतं. पुण्याच्या बाजूला घोड्यांचे मोठे स्टड फार्म आहेत. तिनं पत्रं पाठवली. बहुतेकांचं उत्तर आलं नाही. एका ठिकाणाहून फोन आला, मुलींच्या राहण्याची सोय नाही म्हणाले. शिवाय शर्यतीच्या घोड्यांचं वय 1 जानेवारीपासून मोजतात. त्यामुळं शिंगरं वर्षाच्या सुरुवातीला जन्मावीत असा मालकांचा प्रयत्न असतो. घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा. सगळं वेळापत्रक त्यावर बेतलेलं. मेमध्ये आपली सुट्टी सुरू होते तेव्हा बाळंतपणाची मुख्य धांदल ओसरत आलेली असते.

दुसरा दरवाजा रेसकोर्सचा. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर. मधल्या दिवसांत तबेल्यांत माणसांची गरज असते. पण इथं तिच्या नानींनी हात वर केला. "सट्ट्याचा पैसा हलाल कसा?" मी मुफ्ती नाही. घोड्यांची शर्यत आपल्या परंपरेत मान्य आहे आणि तिच्यावरचा जुगार हराम आहे, हा फरक मी सांगितला. कुरआनातल्या अल-आदियात या सूरेची सुरुवातच धावत्या घोड्यांच्या शपथेनं होते, हेही आठवून दिलं. सुजलेला पाय बांधणारीनं त्या घोड्यावर कुणी पैसे लावलेत हे बघायचं नसतं, असं माझं मत. पण नानींचा प्रश्न खोटा नव्हता आणि मुलीलाही तो टाळून जायचं नव्हतं. तिनं तो दरवाजा स्वतःहून बाजूला ठेवला.

रस्ता सापडला तो दादांकडून. इतके दिवस खाटेवर पडून ऐकत होते. एक दिवस म्हणाले, "चिठ्ठ्या कायकू लिखती? नालबंद कू पूछ. किसका घोडा कैसा है, उसकूच मालूम रहता."

हे आम्हा शिकलेल्यांना सुचलं नव्हतं. घोड्याची नाल चार ते सहा आठवड्यांनी बदलावी लागते. म्हणजे नालबंद दर महिन्या-दीड महिन्यानं प्रत्येक घोड्याचा पाय हातात घेतो. दादांच्या जुन्या नालबंदाचा मुलगा आता थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांच्या घोड्यांना नाल मारायला जातो. त्यानं एका घोडेवाल्याशी बोलून दिलं. राहायचं नालबंदाच्या खालाच्या घरी. पहिले दोन दिवस अम्मी सोबत जाऊन राहून आली, मगच तिचा जीव थाऱ्यावर आला.

मे महिना म्हणजे तिथल्या घोड्यांचे सर्वांत कष्टाचे दिवस. पहाटे पाचला पाणी, चंदी, खरारा, खूर साफ करणं. मग दिवसभर फेऱ्या. घोडेवाले तिला पहिल्या आठवड्यात "डॉक्टरीणबाई" म्हणायचे ते चेष्टेनं. ती वही घेऊन बसायची. जबड्याखालची नाडी मोजायची, निरोगी घोड्याची मिनिटाला साधारण 28 ते 44. कुशीला कान लावून आतड्यांचा आवाज ऐकायची. तंगाखाली कातडी सोललीय का ते बघायची. आणि घोडेवाले सहज बोलता बोलता सांगायचे ते लिहून घ्यायची. घोडा मागचा पाय ढिला सोडून उभा असेल तर तो विसावलाय. पुढचा पाय पुढं टाकून भार वाचवत असेल तर तो दुखतोय. पुस्तकातही हे आहे, पण तिच्या डोळ्यांत ते तिथं बसलं.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री एक घोडी सारखी कुशीकडं मान वळवू लागली, खुरानं जमीन उकरू लागली, बसू-उठू लागली. लीद पडत नव्हती. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं पोटात जे अडकतं ते वरून बाहेर येत नाही आणि घोडा त्यात दगावतो. मालकानं बाटलीतून काढा पाजायची तयारी केली. तिनं हात जोडून थांबवलं, कारण जबरदस्तीनं पाजलेलं फुफ्फुसात जाऊ शकतं. नाडी मोजली, 64. तिच्या पिशवीत इंजेक्शन नव्हतं आणि असतं तरी तिला देता आलं नसतं. 1984 च्या कायद्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यकालाच. तिनं तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि नाडी, श्वास, आतड्यांचा आवाज, शेवटची लीद कधी पडली, हे सगळं क्रमानं सांगितलं. ते निघाले. येऊन नाकातून नळी घातली, औषध दिलं. पहाटे घोडीनं लीद टाकली, तेव्हा मालक तिला म्हणाला, "बेटी, चहा घे." त्यानंतर तिला कुणी डॉक्टरीणबाई म्हणून चिडवलं नाही.

आता पैशाचं बोलू, कारण आपल्या घरांत खरा अडसर तोच असतो. त्या महिन्यात तिला जेवण मिळालं, पगार नाही. आधीच्या सुट्टीत तिनं शिकवण्या घेऊन फीला हातभार लावला होता. या वेळी तो आला नाही आणि अब्बांनी रात्रीच्याही फेऱ्या मारल्या. अनुभव फुकट मिळतो असं म्हणणाऱ्यांच्या घरी त्याची किंमत दुसरं कुणीतरी भरत असतं. म्हणून अशा कामाला निघणाऱ्या मुलांनी आणि पालकांनी काही गोष्टी आधीच बोलून घ्याव्यात. जेवण, राहणं, प्रवासखर्च कुणाचा? जवळचा नोंदणीकृत पशुवैद्यक कोण आणि तो शिकवायला तयार आहे का? महाविद्यालयाचं पत्र बरोबर आहे का? धनुर्वाताची लस घेतलीय का? लाथ बसली तर दवाखान्यात कोण नेणार? हे विचारण्यात लाज नाही.

मी भाषा शिकवते, म्हणून शेवटी एका शब्दाविषयी. उर्दूत घोड्यांच्या वैद्याला जुना शब्द आहे, सालोतरी. तो आला शालिहोत्रावरून. अश्वशास्त्राचा आद्य आचार्य मानलेला हा ऋषी. त्याच्या नावाच्या ग्रंथांचे सल्तनत आणि मुघल काळात फारसीत अनुवाद झाले. उलट दिशेनं लगाम, जीन, रिकीब, तंग, नाल, तबेला हे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. तबेल्यात ही वाटणी कधीच कुणी मोजली नाही.

दादांना मी हा शब्द सांगितला तेव्हा ते हसले. त्यांना तो ठाऊक होता. त्यांच्या लहानपणी टांगेवाल्यांचा असा एक सालोतरी होता म्हणे, अंगठा लावणारा, पण घोड्याची नाडी अचूक सांगणारा. यंदा त्या घोडेवाल्यानं स्वतःहून फोन केलाय. जाण्यायेण्याचं भाडं देतो, बेटीला पाठवा म्हणतोय. बरोबर तिच्या वर्गातली एक मैत्रीण जाणार आहे. अम्मीनं या वेळी माझ्याकडं यायची तसदी घेतली नाही. दोघींसाठी जाड तळाचे बूट आणायला ती बाजारात गेली होती.