पाच जांभळी तिकिटं

ग्वाल्हेरचा आमचा जनकगंजातला वाडा तीन वर्षांपूर्वी विकला गेला. विकण्याआधी आम्ही सगळी चुलत-आते भावंडं दोन दिवस तिथे जमलो होतो. भांडी, देव, जुने फोटो यांची वाटणी झाली. थोरल्या काकांच्या लोखंडी ट्रंकेतले कागद मात्र कोणालाच नको होते. माझ्या वडिलांना तिकिटं जमवायचा नाद होता, म्हणून "हे तूच ने" असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि ती ट्रंक माझ्या घरी आली.

त्या ट्रंकेत एक विलायती पाकीट निघालं. धाकटे काका १९५६ साली इंग्लंडला गेले आणि साउथहॅम्प्टनच्या जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात लागले. परत कधी आले नाहीत. १९७१ साली तिकडेच गेले. पाकीट त्यांचं होतं. वर राणीच्या चेहऱ्याची तीन-तीन पेनीची पाच जांभळी तिकिटं. शिक्क्यात साउथहॅम्प्टन हे नाव ओळखू येत होतं, पण तारखेच्या जागी नुसता शाईचा डाग. आत निळ्या कागदावर सात ओळी. वर तारीख नाही, फक्त 'रविवार रात्र'.

"ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि. तार मिळाली. निघून उपयोग नव्हता, पोचलो नसतो. काय लिहावं सुचत नाही. धाकटीला जवळ घ्या. तिला म्हणावं, मी तिकडे नाही म्हणून मला काही वाटलं नाही असं समजू नकोस."

धाकटी म्हणजे माझी आत्या. आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, इंदूरला असते. आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकत आले. आजोबा १९५८ च्या उन्हाळ्यात गेले तेव्हा धाकट्या काकांना तार केली होती. आजी १९६० च्या फेब्रुवारीत गेली तेव्हाही केली. आजीच्या वेळी त्यांच्याकडून एक ओळसुद्धा आली नाही. तेव्हा वाड्याच्या हिश्श्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. माझे वडील नई सडकेवर वेगळे राहत होते आणि आत्या त्यांच्याकडे होती. पत्र आलं असलं तरी ते वाड्यावर, थोरल्या काकांच्याच हाती पडणार. पण हा विचार कोणी केलाच नाही. "आई गेल्यावर चार अक्षरं लिहिली नाहीत त्याने," असं आत्या आजही म्हणते. म्हणजे चौसष्ट-पासष्ट वर्षं म्हणतेय.

मी तिला फोनवर पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते बाबांच्या वेळचं. बाबांच्या वेळी आलं असेल, मला आठवत नाही. आईच्या वेळी काही आलं नाही." विषय संपला. पत्रात ना आईचं नाव, ना वडिलांचं. दोन तारांपैकी नेमकी कुठली, हे पत्रावरून कळायला मार्गच नव्हता.

मागच्या वर्षी लेकीकडे रेडिंगला गेले तेव्हा ते पाकीट प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून बरोबर नेलं. काका जिथे राहिले ते गाव एकदा बघावं, एवढंच मनात होतं.

रेडिंगहून साउथहॅम्प्टन गाडीने तासाभराच्या आत येतं. टायटॅनिक १९१२ च्या एप्रिलमध्ये इथूनच निघाली, त्यामुळे गावात जागोजागी तिच्या खुणा आहेत. मध्यभागी बारगेट नावाची मध्ययुगीन वेस आहे. आपल्या किल्ल्याचा हत्ती पोळ रोज पाहिलेल्या माणसाला ती बुटकी वाटते, पण तिच्या अंगाखांद्यावरून शहर वाढलं आहे हे दिसतं. वेशीतून बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होली रूड चर्चचे नुसते भिंतींचे अवशेष आहेत. १९४० च्या नोव्हेंबरातल्या बाँबहल्ल्यांत ते जळलं. पुन्हा बांधलं नाही, व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक म्हणून तसंच राखलं. काका आले तेव्हा या रस्त्यावर असे मोकळे खड्डे बरेच असणार. तेव्हा साउथहॅम्प्टनला शहराचा दर्जाही नव्हता, तो १९६४ साली मिळाला.

काका इचेन नदीच्या पलीकडे वुल्स्टनला राहायचे. आता उंच पूल आहे, बस पाच मिनिटांत पलीकडे नेते. तो पूल १९७७ चा. त्याआधी केबलवर ओढली जाणारी तराफ्यासारखी बोट होती, तिला 'फ्लोटिंग ब्रिज' म्हणत. काका रोज तिच्यातूनच जात असणार. पाकिटामागच्या पत्त्यावर आता दुसरंच घर आहे. बाहेर मुलाची सायकल पडली होती. आम्ही दोन मिनिटं उभ्या राहिलो आणि परत फिरलो. कोणाचं दार वाजवायचं आणि काय विचारायचं?

परत येताना एका चर्चच्या हॉलबाहेर तिकीट-जत्रेची पाटी दिसली. लेक म्हणाली, "आई, आजोबा असते तर इथून हललेच नसते." आत गेलो. दहा-बारा टेबलं, चहाची किटली, आणि सगळे साठीच्या पुढचे. एका म्हाताऱ्या विक्रेत्याला मी पाकीट दाखवलं. त्याने भिंग लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "साउथहॅम्प्टनचं आहे ना? मागच्या रेघा पाहिल्यात का?"

पाचातल्या एका तिकिटाचा कोपरा सुटलेला होता. त्याने चिमट्याने तो जेमतेम उचलला. तिकिटाच्या पाठीवर, डिंकाखाली, काळी उभी रेघ होती. बाबांनी मला तिकिटांबद्दल खूप शिकवलं, पण हे कधी सांगितलं नव्हतं.

मग त्याने समजावलं ते असं. पोस्टात पेटीतून आलेली पत्रं उलटी-सुलटी असतात. शिक्का मारायच्या आधी प्रत्येक पाकीट तिकिटाची बाजू वर आणि तिकीट ठरावीक कोपऱ्यात येईल असं लावावं लागतं. हे काम माणसं हाताने करत. ते यंत्राने करायचं तर यंत्राला तिकीट कुठे आहे ते कळलं पाहिजे. ब्रिटिश पोस्टाने हा प्रयोग साउथहॅम्प्टनला केला. १९ नोव्हेंबर १९५७ ला इथल्या भागातल्या पोस्टांत पाठीवर ग्रॅफाइटच्या रेघा छापलेली तिकिटं विकायला आली. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून यंत्र ती रेघ विजेने चाचपून शोधायचं. नेहमीच्या पत्रांच्या तिकिटांवर दोन रेघा. छापील मजकुरासाठी लागणाऱ्या दोन पेनीच्या तिकिटावर एकच, म्हणजे घाईची टपाल आणि सावकाशीची टपाल यंत्रच वेगळी करेल.

मी मनात हिशेब केला. १९५७ पासून रेघा आहेत, तर आजोबांच्या वेळी, म्हणजे १९५८ ला, अशीच तिकिटं असणार. आत्याचंच बरोबर. मी पाकीट परत घ्यायला हात पुढे केला.

तो म्हणाला, "थांबा, हे अर्धंच झालं."

त्याने पाकीट खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. "नीट बघा. शाईच्या वर काही दिसतं?" प्रकाश घसरत गेला तेव्हा राणीच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे, पुसटसे पट्टे दिसल्यासारखे वाटले. रंग नाही, नुसता पोत वेगळा. लेक म्हणाली दिसतात. मला खात्री वाटेना.

तेव्हा त्याने टेबलाखालून एक काळी पेटी काढली. आत अतिनील दिवा होता, वर डोळे लावायला फट. पाकीट आत ठेवून दिवा लावला आणि मला म्हणाला, "मी बंद करीन त्या क्षणी बघा." दिवा बंद झाला. अंधारात हिरवट पट्टे क्षणभर उजळलेले राहिले आणि विझले. प्रत्येक तिकिटावर दोन. मी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा लेकीने पाहिलं.

ही अदृश्य शाई म्हणजे फॉस्फर. अतिनील प्रकाश पडला की तो साठवतो आणि प्रकाश काढल्यावरही थोडा वेळ चमकतो. यंत्र नेमकी ही मागे राहिलेली चमक पाहतं. पांढरा कागदही अतिनील प्रकाशात चमकतो, पण दिवा जाताच विझतो, त्यामुळे यंत्राची गफलत होत नाही. ग्रॅफाइटच्या रेघांशिवाय पुढच्या बाजूला फॉस्फरचे पट्टे छापलेली तिकिटंही पहिल्यांदा साउथहॅम्प्टनलाच निघाली. तारीख त्याने पुस्तकात न बघता सांगितली. १८ नोव्हेंबर १९५९.

मी ती तारीख पुन्हा विचारली. लेकीने फोनवर तपासली. तीच.

म्हणजे त्या पाच तिकिटांना १९५८ ची तार ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आजोबा गेले तेव्हा ती छापलेलीच नव्हती. आणि आमच्या घरातून काकांना मृत्यूच्या दोनच तारा गेल्या. त्यानंतर घरात कोणी जाण्याआधी काकाच गेले. पत्र आजीच्या वेळचं होतं. दिसणाऱ्या रेघांनी मला चुकीच्या वर्षापाशी उभं केलं होतं, न दिसणाऱ्या पट्ट्यांनी तिथून हलवलं.

आणखी एक गोष्ट त्याने सहज सांगितली. तीन पेनी हा तेव्हा देशांतर्गत साध्या पत्राचा दर होता, त्यामुळे ती तिकिटं घरोघर असायची. हिंदुस्थानात विमानाने पाठवायला पोस्टात जाऊन मोठ्या किमतीचं एक तिकीट घेता आलं असतं. काकांनी रविवारी रात्री, घरात होती तीच पाच चिकटवली होती. सोमवारी पोस्ट उघडायची वाट पाहिली नव्हती.

विक्रेत्याला पाकीट विकत हवं होतं. तिकिटं सुटी करू नका, पाकिटासकट किंमत जास्त, असंही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. मी नाही म्हणाले. चहा मात्र त्याच्याबरोबर घेतला. बोलता बोलता मी त्याला आमच्या ग्वाल्हेरच्या पाकिटांबद्दल सांगितलं. १८८५ च्या टपाल करारानंतर ब्रिटिश हिंदुस्थानच्याच छापील पाकिटांवर, म्हणजे तिकीट कागदावरच छापलेलं असे त्या पाकिटांवर, 'ग्वालियर' हे नाव आणि शिंदे सरकारची सूर्य-नागाची मुद्रा वरून छापत. बाबांच्या संग्रहात अशी काही होती. आपलं राज्य दिसावं म्हणून ठळक काळी शाई. त्याला ती माहीत होती. तो हसून म्हणाला, "तुमच्या महाराजांना माणसांनी वाचायला हवं होतं, आमच्या पोस्टाला यंत्राने."

पुढे ही पद्धत बऱ्याच देशांनी आपापल्या परीने उचलली. अमेरिकेने १९६३ मध्ये ओहायोतल्या डेटनला चमकणाऱ्या तिकिटांचा प्रयोग केला. तिथे विमानाच्या टपालाची तिकिटं नारिंगी-तांबडी चमकत आणि साधी हिरवट. तिथल्या कचेऱ्यांत यंत्राने पाकिटावरच जो टपालखर्च छापतात, त्याच्या लाल शाईतही चमकणारा पदार्थ घालतात. ब्रिटनमध्ये १९६८ ला पहिला आणि दुसरा वर्ग सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्गाला दोन पट्टे आणि दुसऱ्याला एक, हा साउथहॅम्प्टनचाच हिशेब पुढे चालला. आपल्याकडे हातात येणाऱ्या नोटेचे क्रमांकही अतिनील दिव्याखाली उजळतात. बँकेतल्या खिडकीमागे तो जांभळा दिवा आपण रोज पाहतो, कधी विचार करत नाही.

संध्याकाळी टाउन कीवर बसून आत्याला फोन लावला. इंदूरला रात्रीचे साडेदहा वाजून गेले असणार. ती झोपलेली असेल अशी भीती होती, पण तिने पहिल्याच घंटीला उचलला. मी पट्टे, दिवा, यंत्र, तारीख, सगळं सांगितलं. तिला यंत्रात काही रस नव्हता.

"म्हणजे काय, ते नीट सांग."

"म्हणजे आत्या, पत्र आजी गेल्यावरचं आहे. तुझ्यासाठी लिहिलेलं आहे. थोरल्या काकांच्या ट्रंकेत राहून गेलं."

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तिने विचारलं, "अण्णाने वाचलं असेल?"

पाकीट फोडलेलं होतं. मी हो म्हणाले.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. मी सातही ओळी वाचल्या. 'धाकटीला जवळ घ्या' इथे थांबवून तिने तेवढीच ओळ परत वाचायला लावली. थोरल्या काकांबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. आता तिघेही भाऊ नाहीत.

परतल्यावर मी पाकीट घेऊन इंदूरला गेले. दिवा वगैरे काही नेला नव्हता. आत्याने चष्मा लावून पाकीट उजेडात तिरपं धरलं, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "मला काही पट्टे-बिट्टे दिसत नाहीत गं." मग पत्र काढून घडी उघडली. "अक्षर मात्र त्याचंच. तेव्हाही असंच घाणेरडं होतं."

पाकीट आता तिच्याकडेच आहे, देवघराच्या खणात, पोथीखाली.