डेन्व्हरची जांभळी रांग: इथे चेंडू जरा जास्तच लांब जातो

मुलगी, मुलगा किंवा भाऊ अमेरिकेत आहे म्हणून तुम्ही तिकडे फिरायला निघाला असाल, तर नायगारा आणि न्यूयॉर्क यादीत असणारच. पण कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला जाणं झालं, तर एक संध्याकाळ कूर्स फील्डसाठी राखून ठेवा. हे बेसबॉलचं स्टेडियम आहे. बेसबॉल कळत नाही? काही बिघडत नाही. इथे पाहण्यासारखी पहिली गोष्ट खेळ नाहीच, ती आहे हवा!

खुर्चीत बसा, कळसूबाईच्या उंचीवर

विमानतळावरून ट्रेन पकडली की साधारण ३७ मिनिटांत युनियन स्टेशन येतं. तिथून स्टेडियमपर्यंत आरामात चालत जाता येतं. जुन्या गोदामांच्या या वस्तीत १९९५ साली हे लाल विटांचं स्टेडियम सुरू झालं. आत गेलात की थेट वरच्या मजल्यावर चढा. सगळ्या खुर्च्या हिरव्या, पण विसावी रांग मात्र जांभळी दिसेल. ही रांग समुद्रसपाटीपासून बरोबर ५,२८० फूट, म्हणजे एक मैल उंचीवर आहे. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्या जवळपास उंचीवर बसून तुम्ही मॅच बघत असता.

एवढ्या उंचीवर हवा विरळ असते. विरळ हवा चेंडूला कमी अडवते, त्यामुळे फटका लांब जातो. शिवाय गोलंदाजाचा चेंडूही इथे नेहमीसारखा वळत नाही. फलंदाजाची मजा, गोलंदाजाची सजा!

हे माहीत असल्यामुळे मैदान मुद्दाम मोठं बांधलं. समोरची भिंत ४१५ फुटांवर आहे. पण मोठ्या मैदानात क्षेत्ररक्षकांमध्ये मोकळी जागाही जास्त राहते, म्हणून छोटे फटकेही तिथे पडू लागले. १९९९ च्या एका मोसमात इथे ३०३ होमरन झाले. शेवटी २००२ पासून चेंडू ठरावीक ओलावा असलेल्या खोलीत ठेवायला सुरुवात झाली. कोरडा चेंडू टणक होऊन जास्त उडतो, तो तसा होऊ नये म्हणून. त्यानंतर होमरन कमी झाले, पण हवा काही बदलली नाही.

मग चांगला फलंदाज ओळखायचा कसा?

समजा, दोन मुलांना ९० गुण मिळाले. एकाचा पेपर सोपा होता, दुसऱ्याचा अवघड. दोघं सारखेच हुशार म्हणायचे का? जेईईचे पेपर वेगवेगळ्या सत्रांत होतात, म्हणून तिथे नुसते गुण न बघता पर्सेंटाइल काढतात. बेसबॉलच्या अभ्यासकांनीही असंच काहीसं केलं.

पूर्वी फलंदाज मोजायचा तो बॅटिंग ॲव्हरेजवर. त्यात साधा फटका आणि होमरन यांची किंमत एकच! वाइड चेंडू सोडून संयमाने मिळवलेला बेस तर त्यात धरतच नाहीत. अभ्यासकांनी असंख्य सामन्यांच्या नोंदी तपासून प्रत्येक गोष्टीमुळे सरासरी किती धावा वाढतात ते काढलं. त्यातून ‘वोबा’ नावाचं माप आलं. त्यात असा संयमाने मिळवलेला बेस साधारण ०.७, एका बेसचा फटका ०.९ आणि होमरन २ च्या आसपास मोजतात.

पुढची पायरी म्हणजे ‘डब्ल्यूआरसी प्लस’. यात मैदानाचा फायदा-तोटाही हिशेबात घेतात आणि सरासरी फलंदाजाला १०० धरतात. १२० म्हणजे सरासरीपेक्षा २० टक्के सरस. आता कूर्स फील्डवरचा खेळाडू आणि समुद्रकाठच्या मैदानावरचा खेळाडू एकाच तराजूत बसले.

एका माणसाची दहा वर्षांची वाट

हा तराजू नुसता आकड्यांचा खेळ नाही. लॅरी वॉकरची गोष्ट ऐका.

कॅनडात जन्मलेला वॉकर १९९५ मध्ये इथल्या कोलोरॅडो रॉकीज संघात आला. १९९७ मध्ये त्याने ४९ होमरन मारले आणि आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण निवृत्तीनंतर हॉल ऑफ फेमसाठी मतदान सुरू झालं, तेव्हा हेच मैदान त्याच्या आड आलं. कूर्स फील्डवर त्याचं ॲव्हरेज ०.३८१, बाकी सगळीकडे मिळून ०.२८२. ‘हवेने मोठा केलेला खेळाडू’ असा शिक्का बसला. निवडीसाठी ७५ टक्के मतं लागतात, २०१४ मध्ये त्याला जेमतेम १० टक्के मिळाली.

फरक खरा होता, तो कुणी नाकारत नव्हतं. प्रश्न एवढाच होता की हवेचा वाटा काढून टाकल्यावर काय उरतं? उत्तर होतं, कारकिर्दीचा डब्ल्यूआरसी प्लस सुमारे १४०. म्हणजे मैदानाचा फायदा वजा करूनही सरासरीपेक्षा ४० टक्के सरस. आणि १९९७ च्या त्या ४९ पैकी २९ होमरन त्याने दुसऱ्यांच्या मैदानांवर मारले होते! हळूहळू मतं फिरली. २०२० मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीला, त्याला ७६.६ टक्के मतं मिळाली. फक्त सहा मतं जास्त! आज त्याचा ३३ क्रमांक रॉकीजचा दुसरा कुणीही खेळाडू घालत नाही.

जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

मोसम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असतो. एप्रिलमध्ये बर्फही पडू शकतो आणि जुलैच्या दुपारी अचानक वादळी पाऊस येतो, तेव्हा जाकीट जवळ असू द्या. उंचीमुळे दम लागतो, म्हणून पाणी भरपूर प्या. ऊन कडक असतं, आजी-आजोबांसाठी टोपी विसरू नका. मुलांना डिंगर नावाचा जांभळा डायनोसॉर नक्की दाखवा. बांधकामाच्या वेळी इथे डायनोसॉरचं जीवाश्म सापडलं होतं, म्हणून तो संघाचा शुभंकर झाला.

आणि संध्याकाळी उजवीकडच्या वरच्या मजल्यावर, त्या जांभळ्या रांगेत थोडा वेळ बसा. सूर्य रॉकी पर्वतामागे जाताना दिसेल. तेवढ्यात एखादा चेंडू उंच उडाला, तर टाळ्या वाजवा. आणि शेजारी बसलेल्या नातवंडाला हळूच विचारा, “यात हवेचा वाटा किती आणि त्याच्या हातांचा किती?”