राजाचा जांवई

वंशावळी वाचण्याचा नाद हा फारसा प्रतिष्ठित मानला जात नाहीं. काव्य वाचणारा रसिक ठरतो, इतिहास वाचणारा पंडित ठरतो. परंतु अमक्याचा तमका, आणि तमक्याचा धाकटा बंधु फलाणा, असें पानेंच्या पानें वाचीत बसणाऱ्याकडे घरचीं माणसें सुद्धां कांहींशा कींवेनें पाहतात. बर्क आणि डीब्रेट यांच्या सरदार-घराण्यांच्या जंत्र्या मीं जितक्या वेळां उघडल्या तितक्या वेळां मिल्टन उघडला नसेल. आणि पोटापाण्याचा धंदा तर मिल्टन शिकविण्याचा! मात्र वेसाव्यासारख्या गांवांत राहणाऱ्याला या नादाची लाज वाटण्याचें कारण नाहीं. येथील कोळीवाड्यांत माणसाची ओळख नांवानें पटत नाहीं, नात्यानें पटते. तो कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा, कोणाच्या घरीं त्याची बहीण दिली, इतकें कळलें म्हणजे मग त्याच्या नांवाची चौकशी होते. बर्कसाहेब याहून निराळें कांहीं करीत नाहींत. ते फक्त त्यावर सोनेरी अक्षरांची बांधणी चढवितात.

या जंत्र्यांतील एका कुळाकडे मी पुनःपुन्हां वळतों, तें लॉर्ड फॉकलंड यांचें. १८४८ च्या मे महिन्यापासून १८५३ च्या अखेरीपर्यंत ते मुंबईचे गव्हर्नर होते, आणि साष्टी बेटांतील वेसावेंहि अर्थातच त्यांच्या अंमलाखालीं होतें. त्यांच्या कारकीर्दीची म्हणून मुंबईकरांना जी एकच गोष्ट सहसा सांगितली जाते ती आगगाडीची. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली; पण गव्हर्नरसाहेब समारंभाला हजर नव्हते. आदल्याच दिवशीं ते डोंगराची हवा खाण्यास निघून गेले होते, आणि त्यांच्याबरोबर मुंबई फौजेचे सरसेनापतीहि गेले होते. हे सरसेनापति म्हणजे त्यांचे सख्खे शालक. येथेंच वंशावळीच्या वाचकाचे कान टवकारतात.

फॉकलंड हें नांव स्कॉटलंडांतील एका गांवाचें आणि पदवीहि स्कॉटलंडच्याच सरदारवर्गांतली. परंतु ती ज्या कॅरी घराण्याला १६२० सालीं मिळाली तें घराणें अस्सल इंग्रज. या घराण्याला वाङ्मयाची संगत पहिल्यापासून आहे. पहिल्या फॉकलंडांची पत्नी एलिझाबेथ हिचें 'मेरिअम' नांवाचें शोकनाटक १६१३ सालीं छापलें गेलें. इंग्रजींत स्त्रीनें लिहिलेलें व प्रसिद्ध झालेलें तें पहिलें स्वतंत्र नाटक होय. तिचा मुलगा लूशियस, दुसरा फॉकलंड, हा राजा व पार्लमेंट यांच्या यादवींत १६४३ मध्यें न्यूबरीच्या रणांगणावर पडला. त्याचा मित्र क्लॅरेंडन यानें आपल्या इतिहासांत काढलेलें त्याचें शब्दचित्र इंग्रजी गद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. पांचव्या फॉकलंडांचें नांव १६९० सालीं एका कप्तानानें दक्षिण अटलांटिक समुद्रांतील एका सामुद्रधुनीला दिलें आणि तें पुढें तेथील बेटांना चिकटलें. नववे फॉकलंड बायरनचे स्नेही. ते १८०९ सालीं द्वंद्वयुद्धांत मेले. बायरन स्वतः तेव्हां कर्जांत बुडालेला असून त्यानें पांचशें पौंडांची नोट चहाच्या पेल्यांत ठेवून ती विधवेच्या घरीं सोडली, असें सांगतात. ही हकीकत खरी असेल तर बायरनच्या चरित्रांतील मला सर्वांत आवडणारी गोष्ट ती होय.

बाप मेला तेव्हां लूशियस बेंटिंक कॅरी, म्हणजे आपले दहावे फॉकलंड, पांच वर्षांचे होते. पदवी मोठी आणि पैसा बेताचा, अशा सरदाराला लग्न हाच उत्कर्षाचा राजमार्ग. १८३० सालच्या २७ डिसेंबरला ब्रायटनच्या राजवाड्यांत त्यांचें लग्न झालें. वधूपिता होते इंग्लंडचे राजे चौथे विल्यम. त्यांना गादीवर बसून सहा महिने झाले होते.

वधूमाता मात्र राणी नव्हती. ती होती डोरोथी जॉर्डन, ड्रूरी लेनच्या रंगभूमीवरील त्या काळची सर्वांत लोकप्रिय विनोदी नटी. जॉर्डन नांवाचा तिला कधीं नवराच नव्हता. आयर्लंडांतील जुलमी नाटकमंडळीच्या तावडींतून सुटून ती समुद्र ओलांडून आली, तेव्हां बायबलांत इस्रायलचे लोक जॉर्डन नदी ओलांडून आले त्याची आठवण देऊन एका नाटकशाळेच्या चालकानें तिला हें नांव ठेवलें, अशी आख्यायिका आहे. विल्यम हे राजाचे तिसरे चिरंजीव असतांना, म्हणजे गादीची फारशी आशा नसतांना, वीस वर्षें तिच्यासह राहिले. त्यांना दहा मुलें झालीं, पांच मुलगे व पांच मुली, आणि तीं बुशी येथील घरांत चारचौघांच्या मुलांसारखीं वाढलीं. ती गरोदर असतांनाहि रंगभूमीवर जात असे आणि तिची मिळकत या संसाराला लागत असे. १८११ सालीं विल्यमनीं तिला सोडलें. पांच वर्षांनीं, १८१६ मध्यें, ती पॅरिसजवळ सें-क्लू येथें परक्या लोकांत मेली. पुढें राजा झाल्यावर विल्यमना पश्चात्ताप झाला असावा. त्यांनीं चँट्रीकडून तिचा व तिच्या मुलांचा संगमरवरी पुतळा करविला. दहा मुलांतलें शेवटचें अपत्य अमेलिया, जन्म १८०७. तीच लेडी फॉकलंड.

या मुलांना फिट्झक्लॅरेन्स असें आडनांव मिळालें. थोरल्या जॉर्जला बापानें १८३१ सालीं मन्स्टरचा अर्ल केलें; बाकीच्यांना मार्क्विसच्या मुलांचा मान दिला. जांवयांनाहि अधिकाराच्या जागा मिळाल्या. जें मिळालें नाहीं तें एकच. १८३७ सालीं राजा विल्यम वारले तेव्हां त्यांचे चार मुलगे धडधाकट हयात होते. तरी कायद्याच्या दृष्टीनें राजा निर्वंश मेला. औरस मुली दोन झाल्या होत्या, त्या तान्ह्या असतांनाच गेल्या. म्हणून मुकुट पुतणीकडे, म्हणजे व्हिक्टोरियाकडे गेला. रक्त होतें, पण त्यावर धर्ममंत्रांचें पाणी पडलेलें नव्हतें.

आतां साताऱ्याकडे वळूं. ५ एप्रिल १८४८ रोजीं साताऱ्याचे महाराज शहाजी ऊर्फ आप्पासाहेब मृत्यु पावले. त्यांना पोटचें मूल नव्हतें. मरण्यापूर्वी कांहीं तास त्यांनीं भोसले कुळांतील एक मुलगा यथाविधि दत्तक घेतला. आपल्या धर्मशास्त्राप्रमाणें त्या क्षणापासून तो मुलगा पुत्र झाला. जन्मदात्या कुळाशीं त्याचा वारसाचा संबंध तुटला आणि श्राद्धाचा व राज्याचा अधिकार त्याला आला. मनूनें पुत्रांचे जे बारा प्रकार सांगितले त्यांत औरसाच्या बरोबरीनें कलियुगांत टिकला तो दत्तकच. शिवाय सातारच्या गादीला ही गोष्ट नवीन नव्हती. १७४९ सालीं थोरले शाहू निवर्तले तेव्हां त्यांच्या मागून आलेले रामराजे त्यांच्या पोटचे नव्हते. रामराजांच्या मागून बसलेले दुसरे शाहू हे तर वावीच्या भोसल्यांतून दत्तक आलेले. प्रतापसिंह आणि आप्पासाहेब हे या दत्तकाचेच पुत्र. ज्या प्रतापसिंहांशीं इंग्रजांनीं २५ सप्टेंबर १८१९ रोजीं तह केला आणि त्यांच्या वारसांना राज्य चालविण्याचें वचन दिलें, त्यांचा स्वतःचा हक्क दत्तकविधानावरच उभा होता! ही गोष्ट तह करणाऱ्यांना ठाऊक नव्हती असें म्हणण्याची सोय नाहीं.

महाराज वारले तेव्हां मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क होते. दत्तक मान्य करावा, असें त्यांचें स्पष्ट मत होतें. सातारचे रेसिडेंट बार्टल फ्रीअर यांचेंहि मत दत्तकाच्याच बाजूचें. पण क्लार्कसाहेबांची मुदत संपली आणि मे महिन्यांत लॉर्ड फॉकलंड आले. कौन्सिलांत विलोबी वगैरे मंडळी राज्य खालसा करण्याच्या पक्षाची. नव्या गव्हर्नरांनीं त्यांच्याशीं सहमति दाखविली. कलकत्त्यास डलहौसी बसलेलेच होते. १८४९ च्या आरंभीं विलायतेच्या डायरेक्टरांची मंजुरी आली आणि शिवाजीमहाराजांच्या वंशाची सातारची गादी वारस नाहीं म्हणून संपली. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी चौदा वर्षें लंडनांत झगडत होते; ते १८५३ सालीं हात हलवीत परत आले.

या निर्णयाचा मुख्य धनी डलहौसी. फॉकलंड नुकतेच जहाजांतून उतरलेले, मराठ्यांच्या राज्याची त्यांना काय माहिती असणार, असें त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल, आणि मीहि त्यांना खलपुरुष ठरवूं इच्छीत नाहीं. परंतु त्याच दालनांत क्लार्कनींहि तेच कागद पाहून उलट मत दिलें होतें, हें विसरतां येत नाहीं. शिवाय ज्या राष्ट्राचे हे अधिकारी, त्याच्या कायद्यांत दत्तक ही चीजच नव्हती. इंग्लंडांत दत्तकाचा कायदा झाला तो १९२६ सालीं, आणि सरदारकीची पदवी दत्तकाला आजहि मिळत नाहीं. तेव्हां मंत्रानें झालेला पुत्र त्यांना खोटा वाटावा हें समजण्यासारखें आहे. पण फॉकलंड यांच्या घरीं तर दुसरी बाजूहि नित्य समोर होती. त्यांची पत्नी, त्यांचे शालक, त्यांच्या मेहुण्या हीं सारीं मंत्राशिवाय झालेलीं मुलें. म्हणजे इंग्लंडांत रक्त आहे पण विधि नाहीं म्हणून वारसा गेला, आणि साताऱ्यास विधि आहे पण रक्त नाहीं म्हणून गेला. इंग्लंडांत निदान मुकुट घराण्याबाहेर गेला नाहीं, पुतणी आली. साताऱ्यांत भोसल्यांचीं इतर कुळें असूनहि पुतण्याची कोणी विचारपूस केली नाहीं. राजाच्या जांवयाला यांतील विसंगति एखाद्या रात्रीं तरी बोंचली असेल काय? सरकारी दप्तरांत अशा गोष्टी उतरत नाहींत.

लेडी फॉकलंड यांनीं आपल्या रोजनिशींतील उतारे 'चाऊ-चाऊ' या नांवानें १८५७ मध्यें दोन भागांत छापले. फेरीवाल्याच्या टोपलींतील सटरफटर जिनसांना त्या वेळचे अँग्लो-इंडियन चाऊ-चाऊ म्हणत. परळचा बंगला, मलबार पॉईंट, दापोडीचा बाग, महाबळेश्वरचीं झाडें, हें सारें त्यांत आहे. बाईंना डोळा आहे आणि थट्टाहि आहे, ती आईकडून आली असावी. १९३० सालीं रॉलिन्सन यांनीं तें पुस्तक पुन्हां संपादून काढलें, तें मराठी वाचकांनीं अवश्य पाहावें. पुस्तक निघाल्यावर वर्षभरांत, १८५८ मध्यें, त्या वारल्या. त्याच वर्षीं कंपनीचें राज्यहि गेलें, आणि १८६२ सालीं कॅनिंगसाहेबांनीं उरलेल्या संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. सातारकरांना त्याचा कांहीं उपयोग नव्हता.

या भावंडांचें आणि मराठ्यांच्या इतिहासाचें सूत कसें जुळलें आहे पाहा. थोरला जॉर्ज १८१७ च्या युद्धांत लॉर्ड हेस्टिंग्ज यांचा अंगरक्षक-अधिकारी होता. पेशवाई बुडत असतांना तो महाराष्ट्रांतून मुंबईस येऊन सरकारी खलिते घेऊन इजिप्तमार्गें विलायतेस गेला, आणि त्या प्रवासाचें पुस्तक त्यानें लिहिलें. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संस्थापकांपैकीं तो एक. १८४२ सालीं त्यानें आत्महत्या केली. दुसरा हेन्री १८१७ सालींच हिंदुस्थानांत मेला. तिसरा फ्रेडरिक हाच तो आगगाडीच्या समारंभाला पाठ दाखविणारा सरसेनापति. बहीण व मेहुणे परत गेले तरी तो राहिला आणि १८५४ सालीं पुरंदर किल्ल्यावर त्याचा अंत झाला. संभाजीराजांचा जन्म ज्या किल्ल्यावर, सवाई माधवरावांचा जन्म ज्या किल्ल्यावर, तेथें इंग्लंडच्या एका राजाचा मुलगा मेला! सवाई माधवराव हे पित्याच्या मृत्यूनंतर १७७४ च्या एप्रिलांत जन्मले. त्यांचा आणि राघोबादादांचा वारसाचा तंटा पेटलेला असतांनाच त्या वर्षाच्या डिसेंबरांत इंग्रजांनीं साष्टी गिळली, आणि चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत १७३९ सालीं जिंकलेला आमच्या खाडीपलीकडचा वेसाव्याचा किल्लाहि तींत गेला. सातारच्या छत्रपतींच्या नांवानें घेतलेला मुलूख असा एका घरगुती भांडणाच्या गडबडींत गेला.

फॉकलंडसाहेबांची पुढील हकीकत थोडी आहे. १८५९ मध्यें त्यांनीं पुन्हां लग्न केलें, तें सेंट आल्बन्सच्या नवव्या ड्यूकच्या विधवेशीं. हें ड्यूकचें घराणें दुसरा चार्ल्स राजा आणि नटी नेल ग्विन यांच्या अनौरस पुत्रापासून निघालेलें. आणि त्या नवव्या ड्यूकची पहिली पत्नी हॅरिअट मेलन हीहि नटीच! कादंबरीकारानें हें लिहिलें असतें तर आपण त्याला हंसलों असतों. अमेलियेपासून झालेला त्यांचा एकुलता एक मुलगा १८७१ सालीं निपुत्रिक वारला. स्वतः फॉकलंड १८८४ मध्यें फ्रान्सांत माँपेलिये येथें वारले. त्यांची पदवी मात्र खालसा झाली नाहीं. ती धाकट्या भावाकडे व त्याच्यामागून पुतण्याकडे सुरळीत गेली.

मुंबईत त्यांची आठवण एका रस्त्याला राहिली होती. फॉकलंड रोडवर पुढें नाटकगृहांची रांग उभी राहिली. प्ले-हाऊसचें पिलाहाऊस झालें, पारशी नाटकें झालीं, तमाशाचे फड झाले. नटीच्या जांवयाच्या नांवाला हें साजेसेंच होतें. आतां त्या रस्त्याचें नांव पठ्ठे बापूराव मार्ग असें आहे. बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी, १८६६ सालीं त्या वेळच्या सातारा जिल्ह्यांतील रेठरे हरणाक्ष येथें जन्मले आणि ब्राह्मणाची वतनदारी सोडून पवळेबरोबर फडावर उभे राहिले. लोक बोलतांना मात्र अजून फॉकलंड रोडच म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकीं बहुतेकांना फॉकलंड कोण हें ठाऊक नसतें, आणि बापूराव कोण हें ठाऊक असणारेहि आतां थोडेच.