आमच्या टेम्पोचा पाटा

माझे बाबा टेम्पो चालवतात. रोज पहाटे ते धायरीहून निघतात, खडकवासल्याकडच्या गावांतली भाजी भरतात व गुलटेकडीच्या मार्केट यार्डात नेतात. दर रविवारी टेम्पो धुण्याचे काम माझे.

एका रविवारी मागच्या चाकापाशी कुईकुई आवाज आला. मला खेळायला जायची घाई होती. मी बाबांना काही सांगितले नाही. चार दिवसांनी धायरी फाट्याजवळ खड्ड्यात खाडकन आवाज झाला अन् टेम्पो एका अंगाला कलला. मोठा पाटा तुटला होता. मेथी-कोथिंबीर तिथेच सुकली. दोन दिवस टेम्पो उभा होता. आईने किराणा उधारीवर आणला.

मिस्त्रीकाकांनी मला टेम्पोखाली दाखवले. पोलादाचे कमानीसारखे पाटे एकाखाली एक होते. सर्वांत लांब वर, सर्वांत आखूड खाली. बाजूने बघितले तर उलटा त्रिकोणच! पाट्याचे पुढचे टोक पक्के असते. मागचे टोक शॅकल नावाच्या लोंबत्या कडीला असते.

काका म्हणाले, "शॅकल गंजून धरली, म्हणून पाटा तुटला."

मी म्हणालो, "पण कडी हलायला कशाला पाहिजे?"

"वर्तुळ शिकलास ना? घरी पट्टी वाकवून बघ."

घरी मी ३० सेंटिमीटरची पट्टी कमानीसारखी वाकवली. एक टोक भिंतीला, दुसरे भरलेल्या दप्तराला टेकवले. टोकांमधले अंतर २८ सेंटिमीटर भरले. कमान म्हणजे कंस आणि हे अंतर म्हणजे जीवा. वरून दाबून कमान सपाट केली, तर दप्तर २ सेंटिमीटर मागे सरकले. पट्टी तेवढीच, पण जीवा लांबली! मग ताईने दप्तर घट्ट धरले. मी जोर केला. कट्! पट्टी मोडली.

आई ओरडली, पण मला सगळे कळले. खड्डा आला की पाटा सपाट होतो व टोकाला सरकायला जागा लागते. शॅकल झोपाळ्यासारखी हलून ती जागा देते. आजी म्हणते, टांग्याला असे पाटे असायचे. बैलगाडीला नव्हते, म्हणून प्रत्येक दगड हाडांत बसायचा.

रात्री मी बाबांना कुईकुईचे खरे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आता ऐकलंस की लगेच सांगायचं." हल्ली रविवारी मी बॅटरी धरतो अन् बाबा शॅकलला ग्रीस भरतात.

मित्रांनो, माझी नवी पट्टी दप्तरात आहे. प्रयोग करायचा असेल तर मागा. फक्त दोन्ही टोके घट्ट धरू नका.

— इयत्ता ४ थी