खुर्चीसकट खेळायला!

कुणाकुणाला सांगू, असं झालंय! लेकीकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आले आणि इथल्या डाउनटाउन पार्कमधलं इन्स्पिरेशन प्लेग्राउंड पाहिलं. चाकाच्या खुर्चीतली मुलं तिथे खेळत होती, चक्क खुर्चीसकट! खाली वाळू नाही की खडी नाही. रबराचा सलग, किंचित मऊ थर. त्यात चाक रुतत नाही आणि पडलं तरी फारसं लागत नाही. वर जायला रुंद, सावकाश चढणारा उतार. एक मुलगा त्यावरून सुसाट वर गेला, त्याची धाकटी बहीण मागून धावत गेली आणि आई बाकावर निवांत कॉफी पीत बसलेली. त्या आईचं ते निवांतपण बघून मला भरून आलं.

शहर आणि इथला रोटरी क्लब यांनी मिळून हे मैदान उभं केलं. २०१७ मध्ये ते खुलं झालं. रोटरी! ती तर आपल्याकडे तालुक्यातालुक्यांत आहे की!

पण मला खरं वेड लावलं ते शाळेच्या पिवळ्या बसनं. शेजारची मुलगी रोज त्या बसनं जाते. लिफ्ट खाली येते, ती खुर्चीसकट वर जाते. मी तिच्या आईला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. खुर्चीचं तोंड बसच्या पुढच्या दिशेला ठेवायचं आणि दोन पुढून, दोन मागून अशा चार पट्ट्यांनी ती बसच्या तळाला जखडायची. त्यानंतर मुलीला वेगळा पट्टा, खांद्यावरून आणि ओटीपोटाखालच्या हाडांवरून. खुर्चीला जो आपला पट्टा असतो, तो बहुतेक वेळा मुलाला नीट बसवण्यापुरता. अपघाताचा हिसका सोसायला तो केलेलाच नसतो! केवढी मोठी गोष्ट ही, आणि इतक्या वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. खुर्ची बांधली आणि मूल सुटं राहिलं तर मूल पुढे फेकलं जाणार. मूल बांधलं आणि खुर्ची सुटी राहिली तर तिचा सगळा भार त्याच्या अंगावर येणार. दोन्ही बांधायला हवं, आणि तेही वेगवेगळं. खुर्च्यांसाठीसुद्धा 'डब्ल्यूसी १९' नावाचं मानक आहे. ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या टकरीची चाचणी त्यात होते आणि पट्टे अडकवायच्या चार जागा खुर्चीवरच दिलेल्या असतात.

आणि तान्ह्यांचं ऐका! 'एक्सप्लोरर मिनी' नावाची जॉयस्टिकवर चालणारी छोटी गाडी १२ ते ३६ महिन्यांच्या मुलांसाठी निघाली आहे. तळ्यापलीकडच्या सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात तिच्यावर संशोधन चालतं. पाय चालत नसले तरी रांगायच्या वयात मुलाला आपल्या मनानं हवं तिकडे जाता यावं, हा विचारच किती सुंदर आहे! मूल हलतं, धडपडतं, तेव्हाच ना शिकतं.

हे काही आपोआप झालेलं नाही. १२ मार्च १९९० रोजी जेनिफर कीलन ही आठ वर्षांची मुलगी अपंगांच्या हक्कांच्या कायद्यासाठी खुर्ची सोडून राजधानी वॉशिंग्टन डी.सी.तल्या संसद भवनाच्या पायऱ्या हाताकोपरांवर सरपटत चढली होती. त्याच वर्षी जुलैत तो कायदा झाला. आपल्या नसीमा हुरजूक यांनीही कोल्हापुरात अपंगांसाठी काम उभं केलं, आणि 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन कितीतरी मराठी घरांत वाचलं गेलंय. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. मग अडलंय कुठे?

येत्या रविवारी तुमच्या बागेत जा. फाटकापासून झोपाळ्यापर्यंत खुर्ची जाते का, बघा. उतार मोजा: एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी हवी. शाळेच्या बसवाल्याला विचारा, खुर्ची कशी बांधता आणि मुलाला कशानं बांधता? उत्तर मिळालं नाही, तर शाळेला आणि नगरपालिकेला लेखी द्या.