तिकीट आणि खुर्ची

2022 च्या नोव्हेंबरअखेरीस पलसाण्याला जाण्याचा योग आला. सुरत जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. मुंबई-अहमदाबाद हमरस्ता आणि सुरतेहून धुळ्याकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. आजूबाजूला ऊस, आणि उसाच्या मधूनच वर आल्यासारख्या कापड रंगवण्याच्या गिरण्या. माझे साडू त्यातल्याच एका गिरणीत हिशेब लिहितात. 1 डिसेंबरला विधानसभेचे मतदान होते, त्यामुळे चौकात झेंडे आणि रिक्षांवर भोंगे. गोव्यात दर निवडणुकीला केंद्रावर ड्युटी करणारा मी कारकून. कोणाच्या बोटाला शाई न लावता नुसते बघत फिरायचे, हे सुख काही औरच!

साडूंकडे संध्याकाळी नंदुरबारकडचा एक कामगार आला होता. बारा वर्षे इथेच रंगाच्या खात्यात. मी विचारले, मत कुणाला? तो हसला. "भाऊ, मत गावाकडं. सरपंचाच्या निवडणुकीला गाडी पाठवतात, तेव्हा जातो." त्यानंतर महिन्याभरातच निवडणूक आयोगाने अशा स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली. 16 जानेवारी 2023 ला पक्षांना प्रात्यक्षिक दाखवायचे होते (ही तारीख आम्हा गोवेकरांना 1967 च्या जनमत कौलाची म्हणून पाठ). एरवी एकमेकांचे तोंड न बघणाऱ्या विरोधी पक्षांचे या यंत्राला नको म्हणण्यावर मात्र एकमत झाले. स्थलांतरित म्हणायचे कोणाला, हा त्यांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण यंत्र मागे पडले ते पडलेच.

पलसाणा येते बारडोली मतदारसंघात. तो अनुसूचित जातींसाठी राखीव, म्हणजे दलित उमेदवार देणे सगळ्याच पक्षांना भाग. तिथे कायद्याने आपले काम केले. जिथे कायद्याची सक्ती नाही तिथे पक्ष काय करतात, ते बघायचे तर तासाभराच्या अंतरावरचे लिंबायत. सुरत शहराच्या या भागात खानदेशातून आलेली मराठी वस्ती मोठी. 2022 ला भाजपने संगीता पाटील, काँग्रेसने गोपाळ पाटील आणि आम आदमी पक्षाने पंकज तायडे यांना तिकीट दिले. तिन्ही घरचे पान मराठीच! जिंकल्या संगीताताई, तिसऱ्यांदा. तिथे मुसलमान वस्तीही मोठी आहे. एकूण 44 उमेदवारांत 36 मुसलमान होते, पण या तीन पक्षांपैकी एकाचाही नाही. त्या वर्षी भाजपने गुजरातभरात एकाही मुसलमानाला उभे केले नाही. 182 आमदारांत एकच मुसलमान निवडून आला, तो काँग्रेसचा.

आता त्याच भाजपचे गोव्यातले रूप बघा. 2017 साली पक्षाचे 13 आमदार निवडून आले, त्यात 7 कॅथलिक. 2019 मध्ये काँग्रेसचे 10 आमदार उडी मारून आले तेव्हा 27 पैकी 15 कॅथलिक झाले. पक्ष तोच, चिन्ह तेच. म्हणून सर्वसमावेशक वगैरे शब्द ऐकले की मी आधी मतदारयादी बघतो. ज्यांच्यावाचून जागा जिंकता येत नाही त्यांचा समावेश होतो, बाकीच्यांना भाषण मिळते. काँग्रेसचे गणित यापेक्षा निराळे आहे असे मला वाटत नाही. बायकांचे तर विचारूच नका, 2022 ला आमच्या 40 जणांच्या विधानसभेत 3 पोचल्या.

पण तिकीट वेगळे आणि तिकीट वाटणारी खुर्ची वेगळी. चंद्रकांत रघुनाथ पाटील, म्हणजे सी. आर. पाटील, हे जळगाव जिल्ह्यात जन्मलेले, एके काळी गुजरात पोलिसात शिपाई होते. ते 2009 पासून नवसारीचे खासदार. 2020 मध्ये भाजपने त्यांना गुजरातचे प्रदेशाध्यक्ष केले आणि 2025 पर्यंत ते त्या पदावर होते. 2022 च्या 156 जागा त्यांच्याच कारकिर्दीतल्या. नवसारीत मराठी मते पुष्कळ हे खरे, पण प्रदेशाध्यक्ष करायला तेवढे कारण पुरत नाही. पक्षाच्या इतर अनेक गोष्टी मला पटत नाहीत, तरी हे मला मोठे वाटते.

कारण आमच्याकडे काय? गोव्यात बाहेरून आलेला तो 'भायलो', आणि देशावरचा असेल तर 'घाटी'. 2022 ला रिव्होल्युशनरी गोवन्स हा पक्ष मूळ गोमंतकीय कोण, याची व्याख्या कायद्यात घाला अशी मागणी घेऊन उतरला आणि एक आमदार घेऊन आला. जमिनी जात आहेत, नोकऱ्या जात आहेत, ही त्यांची भीती खोटी नाही. ती मलाही वाटते. पण बाकीच्या पक्षांनी तरी भायल्यांसाठी काय केले?

आमच्या कचेरीत सगळ्या पक्षांचे लोक आहेत (सरकारी नोकराने राजकारण बोलू नये हा नियम चहाच्या वेळी कोणी पाळत नाही). त्यांना मी पाटलांची गोष्ट सांगितली. काँग्रेसवाला, मगोवाला, भाजपवाला, तिघांचे उत्तर एकच आले, "हांगा तें जावचें ना." शेजारच्या टेबलावर आमचा कंत्राटी डेटा ऑपरेटर बसला होता. आईबाप गदगकडचे, स्वतः वास्कोत जन्मलेला, कोकणी आमच्यापेक्षा स्वच्छ. तो म्हणाला, "सर, पंचायतीक उबो राव म्हणून तेगूय पक्ष येतात. ताच्या मुखार कोण उलयना." मग त्याने तोंड फिरवून पुन्हा नोंदी टाकायला सुरुवात केली.